मागे कोण होते? कोवळ्या वीराचे अपयश आणि समीक्षेची सोय

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट येथे वाढणाऱ्या शाळकरी मुलाला आज किमान चार कोवळे वीर भेटू शकतात. पहिला शाळेतून भेटतो : ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या मिरवणुकीत पोलिसांच्या गोळीने पडलेला शिरीषकुमार मेहता. दुसरा दूरचित्रवाणीवरून : चक्रव्यूहात शिरलेला आणि बाहेर न आलेला अभिमन्यू. तिसरा हातातल्या भ्रमणध्वनीवरून : अमेरिकी सचेतपट मालिका ‘इनव्हिन्सिबल’चा सतरा वर्षांचा नायक मार्क ग्रेसन, जो २०२१ मध्ये पहिल्या हंगामाच्या अखेरच्या भागात आपल्याच बापाकडून जवळजवळ ठार होतो. चौथा बहुधा पडद्यावरून भेटत नाही. तो घरातून, वस्तीतून भेटतो. तो एकलव्य. यांपैकी पहिल्या तिघांना सध्याची समीक्षा एकाच पेटीत टाकते आणि पेटीवर ‘शोकात्म अपयश’ अशी चिठ्ठी चिकटवते. चौथ्याला त्या पेटीत जागा मिळत नाही. ही वर्गवारी निरुपद्रवी नाही, आणि तिच्यामागे शोकात्मिकेविषयीचा जो समज आहे तो समीक्षेने तपासून न घेता उचलला आहे, हे दाखवणे येथे अभिप्रेत आहे.

ज्या युक्तिवादाचा येथे प्रतिवाद करावयाचा आहे तो प्रथम त्याच्या सर्वोत्तम रूपात मांडणे न्याय्य ठरेल. तो असा : अभिजात शोकात्मिका रंगभूमीवरून निघून गेली, कादंबरीने तिला काही काळ आसरा दिला, आता ती मालिकेच्या हंगामाखेरीस पुन्हा प्रकट झाली आहे. अतिमानवी सामर्थ्य लाभलेला, परंतु वयाने आणि अनुभवाने अपुरा असा नायक स्वतःच्या मर्यादेवर आदळतो. ज्यांना वाचवायचे त्यांना वाचवू शकत नाही. प्रेक्षक करुणा आणि भय अनुभवतो. ॲरिस्टॉटलला आणखी काय हवे होते? शिवाय, या युक्तिवादानुसार, आपल्याकडे अभिमन्यूच्या रूपाने हा नमुना पूर्वीपासूनच सिद्ध आहे. अर्धे ज्ञान, अतोनात धाडस आणि अटळ पतन. म्हणजे परंपरा आणि अत्याधुनिक माध्यम यांचे हातात हात. वर्गात शिकवायला हा सिद्धांत फारच सोयीचा आहे, आणि त्याची ही सोयच संशय यावी इतकी मोठी आहे.

मराठी समीक्षेने ‘शोकांतिका’ हा शब्द बाजूला सारून ‘शोकात्मिका’ हा शब्द रूढ करण्याचा प्रयत्न केला, तो केवळ शब्दांचा कीस नव्हता. शोक अंती आहे की आत्म्यात आहे, असा तो प्रश्न होता. विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणल्यानंतर तरी ‘हमार्शिया’ म्हणजे नायकाच्या स्वभावातला डाग, ही शालेय समजूत मागे पडायला हवी होती. ॲरिस्टॉटलच्या तेराव्या प्रकरणात ती कृतीतली चूक आहे, नेम हुकणे आहे. चारित्र्याचा दोष नव्हे. तिला दोषाचे रूप दिले ते पुढच्या नीतिवाद्यांनी, कारण पतन झालेल्याच्या अंगीच पतनाचे कारण सापडले की उरलेल्या जगाची सुटका होते. दूरचित्रवाणीच्या शोकात्मतेवर आज जे लिहिले जाते ते नव्या परिभाषेत या जुन्या नीतिवादाकडेच परत गेले आहे. नायक कोवळा होता, म्हणून हरला. त्याला पुरते येत नव्हते, म्हणून हरला. त्याच्याभोवती प्रौढ होते किंवा नव्हते, आणि ते काय करत होते, हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

अभिमन्यूचेच पाहू. बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही ९४ भागांची मालिका २ ऑक्टोबर १९८८ पासून १९९० पर्यंत दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवली गेली. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा प्रक्षेपित झाली, आणि त्यामुळे एका पिढीने आई-वडिलांसोबत तोच अभिमन्यू पाहिला. या अभिमन्यूविषयी कोणालाही विचारावे, उत्तर एकच येते : आईच्या पोटात असताना अर्जुनाच्या तोंडून त्याने व्यूहभेद ऐकला, सुभद्रेला झोप लागली, आणि बाहेर पडण्याची विद्या ऐकायची राहून गेली. ही कथा लोकपरंपरेत खोल रुजलेली आहे आणि तिचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. विष्णु सीताराम सुकथनकरांनी ज्या कामाला शिस्त लावली आणि जे १९६६ मध्ये पुरे झाले, त्या आवृत्तीतील द्रोणपर्वात अभिमन्यू इतकेच सांगतो की व्यूह फोडण्याची युक्ती पित्याने शिकवली आहे, संकट ओढवले तर बाहेर पडणे मात्र जमणार नाही. गर्भ नाही, झोप नाही, दैवाचा खेळ नाही. एक मुलगा आपल्या सेनापक्षातील सर्वांत ज्येष्ठ पुरुषाला स्वतःच्या विद्येची मर्यादा स्वच्छ शब्दांत सांगत आहे.

आणि त्यावर युधिष्ठिर काय म्हणतो? तू वाट कर, आम्ही तुझ्या मागोमाग आत येतो. भीमही तेच आश्वासन देतो. द्रोणपर्वातील शोकाची सारी बांधणी या एका देवाणघेवाणीवर उभी आहे. अभिमन्यूला काय येत नव्हते, हे त्याला ठाऊक होते आणि त्याने ते सांगितलेही होते. जे येत नव्हते त्याची भरपाई करण्याचे वचन प्रौढांनी दिले होते. ते वचन जयद्रथाने अडवल्यामुळे पुरे झाले नाही. मग चूक कोणाची? ॲरिस्टॉटलच्या अर्थाने नेम हुकला तो कोणाचा? ‘अर्धे ज्ञान’ हा अभिमन्यूचा शोकात्म दोष आहे असे म्हणणारा समीक्षक संहितेत नसलेली गोष्ट संहितेला चिकटवतो आणि असलेली गोष्ट पुसतो. गर्भकथेने तर त्याही पुढची मजल मारली आहे. तिने दोषाचा उरलासुरला भाग एका झोपलेल्या आईच्या माथी टाकला. पुरुषांनी रणांगणावर मोडलेल्या वचनाचा हिशोब बाईच्या डुलकीत मिटवण्याची ही युक्ती स्त्रीवादी समीक्षेच्या नजरेतून इतकी वर्षे कशी निसटली, हेही एक कोडेच आहे.

येथे प्रतिपक्षाकडून एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. अभिमन्यूच्या सारथ्याने त्याला सावध केले होते : भार फार मोठा आहे, द्रोण अस्त्रविद्येत निष्णात आहेत, तू सुखात वाढलेला आहेस, विचार कर. अभिमन्यू हसला आणि त्याने रथ पुढे घ्यायला सांगितले. म्हणजे उन्माद आहे, अहंकार आहे. ग्रीक परंपरेतील ‘ह्यूब्रिस’ दाखवायला आणखी पुरावा कशाला? परंतु या प्रसंगातला महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. मुलाला सावध करणारा तेथे एकच प्रौढ आहे आणि तो सेवक आहे. राजे, काका, सेनानी यांपैकी एकानेही ती शंका उच्चारलेली नाही. व्यासांनी शहाणपणाचे वाक्य ज्याच्या तोंडी घातले त्याच्या शब्दाला सेनेत किंमत नव्हती. हे वाचून ज्याला मुलाचा अहंकार तेवढा दिसतो, त्याची दृष्टी ज्येष्ठांच्या बाकावर बसलेली आहे.

महाभारताची संहिता स्वतः मात्र या बाकावर बसत नाही. अभिमन्यू पडल्यावर युधिष्ठिर जो विलाप करतो त्यात मुलाच्या अपुऱ्या विद्येविषयी तक्रार नाही. जेवणात, वाहनांत, शय्येवर, अलंकारांत ज्या बालकाला पुढे करायचे, त्याला आपण युद्धात पुढे केले, असे तो म्हणतो. आणि स्वतःच्या लोभाला दोष देतो. संध्याकाळी परतलेला अर्जुन भावांना विचारतो, तुमची कवचे आणि शस्त्रे केवळ शोभेची होती काय, तुमची भाषणे सभेपुरतीच होती काय. शोकात्मिकेचा जो क्षण असतो, ज्यात कृती आणि तिचा कर्ता यांची ओळख पटते, तो येथे आहे; परंतु ती ओळख मेलेल्या नायकाला होत नाही, जिवंत राहिलेल्यांना होते. अभिमन्यूच्या वधाची ही शोकात्मिका युधिष्ठिराची आहे. अभिमन्यू तिचा नायक नव्हे, तिची किंमत आहे. मालिकेच्या पडद्याला हे पेलत नाही, कारण पडद्याला रथाचे चाक उचललेला देखणा मुलगा हवा असतो. तो त्याला मिळाला, आणि देशभरच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर तो अजून उभा आहे. त्यानंतरच्या रविवारी अर्जुनाची प्रतिज्ञा होती.

ही शेवटची गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते की प्रतिज्ञा व्यासांकडेही आहे. उद्याच्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथ, नाहीतर अग्नी. शोकाचे रूपांतर सूडात करून कथा पुढे ढकलणे ही मालिकेची युक्ती तीन दशकांपूर्वी जन्मलेली नाही. फरक प्रमाणाचा आणि स्थानाचा आहे. महाकाव्यात प्रतिज्ञा शोक पुसत नाही. अठराव्या दिवसानंतरही गांधारी रणभूमीवर उत्तरेला नवऱ्याच्या प्रेताजवळ पाहते आणि ते दृश्य कृष्णाला दाखवते. इरावती कर्वे यांना ‘युगान्त’मध्ये महाभारताचा जो कोरडा, कोणालाही न सोडणारा कणखरपणा महत्त्वाचा वाटला तो हाच. पुढच्या वाङ्मयाने तो सोडून दिला, ही त्यांची खंत दूरचित्रवाणीला तर शब्दशः लागू पडते.

आता तिसऱ्या वीराकडे. ‘इनव्हिन्सिबल’ ही रॉबर्ट कर्कमन यांच्या २००३ ते २०१८ या काळात चाललेल्या चित्रकथेवर आधारलेली मालिका. तिच्या पहिल्या हंगामाचा अखेरचा भाग ३० एप्रिल २०२१ रोजी आला. मार्कचा बाप, ज्याला जग रक्षणकर्ता समजते, तो वस्तुतः पृथ्वी जिंकण्यासाठी पाठवलेला साम्राज्याचा हस्तक आहे, हे उघड होते. मुलगा विरोध करतो. बाप त्याला शहरभर आपटतो. त्यातील एक प्रसंग विसरता येत नाही. बाप मुलाला धावत्या भुयारी आगगाडीसमोर धरतो. मुलाचे शरीर अभेद्य आहे, म्हणून गाडी त्याच्यावर फुटते आणि आतली माणसे त्याच्या अंगावर चिरडली जातात. ज्या शरीराने वाचवायचे तेच शरीर मारण्याचे हत्यार होते, आणि ते हत्यार दुसऱ्याच्या हातात असते.

या भागावर जे लिहिले जाते त्यात ‘मार्कचे शोकात्म अपयश’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. तो वाचताना प्रश्न पडतो की लिहिणाऱ्याने आगगाडीचा प्रसंग डोळे मिटून पाहिला की काय. तिथे मुलगा कोठे अपयशी ठरतो? त्याला अपयश भोगायला लावले जाते. मालिका या बाबतीत आपल्या समीक्षकांपेक्षा शहाणी आहे : मुलाच्या अपयशाची रचना बापाने केली आहे, हे ती लपवत नाही, उलट बापालाच शेवटी रडत पृथ्वी सोडून जावे लागते. पाचशे वर्षांनी तुझ्याजवळ काय उरेल, या बापाच्या प्रश्नाला मुलगा ‘तुम्ही’ अशा अर्थाचे उत्तर देतो, आणि या उत्तरापुढे साम्राज्याचा युक्तिवाद कोलमडतो. लोकप्रिय माध्यमात असे लेखन रोज होत नाही. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

कारण आहे ते त्याला शोकात्मिका म्हणण्यावर आक्षेप घेण्याचे, आणि ते लेखनाच्या दर्जात नसून रूपबंधात आहे. हा भाग प्रसारित होण्याच्या एक दिवस आधी, २९ एप्रिलला, दुसरा आणि तिसरा हंगाम जाहीर झाला होता. ओइडिपसने डोळे फोडण्याच्या आदल्या संध्याकाळी पुढच्या दोन प्रयोगांची तिकीटविक्री सुरू झाली असती, तर त्या डोळ्यांतल्या रक्ताला काय अर्थ उरला असता? उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनवरील निबंधात दाखवून दिले होते की मालिकेतला अतिमानव काळ खर्च करू शकत नाही. प्रत्येक कृती माणसाला मृत्यूकडे एक पाऊल नेते, आणि सुपरमॅनला मृत्यूकडे सरकू देणे व्यापाराला परवडत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आजची मालिका एकोंच्या सुपरमॅनपेक्षा चतुर आहे. ती काळ खर्च झाल्याचा आभास निर्माण करते. नायक जखमी होतो, बदलतो, दुःख पुढच्या हंगामात घेऊन जातो. पण ते दुःख भांडवलासारखे घेऊन जातो. अपयश हे प्रशिक्षण ठरते. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीच्या ज्या ‘प्रवाहा’चे वर्णन केले, त्या प्रवाहाचा घाट हंगामाने बांधला आहे एवढेच, पाणी थांबलेले नाही.

(‘हंगाम’ हा शब्द मराठीने या अर्थाने सहज स्वीकारला, हे बोलके आहे. नंदुरबारला हंगाम म्हटले की मिरचीचा हंगाम डोळ्यांसमोर येतो. पीक निघते ते पुन्हा लावण्यासाठी.)

विल्यम्स यांचाच दाखला प्रतिपक्षही देईल. ‘मॉडर्न ट्रॅजेडी’ या १९६६ च्या ग्रंथात त्यांनी शोकात्मिकेच्या पंडिती सोवळ्यावर हल्ला केला होता. खाणीतला अपघात, उद्ध्वस्त कुटुंब, तुटलेली कारकीर्द यांना सामान्य माणूस ‘ट्रॅजेडी’ म्हणतो, तेव्हा तो चुकत नाही, पंडित चुकतो. मग मालिकेला हा शब्द नाकारणे हे तेच सोवळे नव्हे काय? नव्हे. विल्यम्स शब्द सैल करीत नव्हते. तो जेथे खरोखर लागू होतो तेथे लावा, असे म्हणत होते. सामान्य माणसाच्या मृत्यूला कारणे असतात, ती सामाजिक असतात, आणि त्यांना दैव म्हणून सोडून देणे ही फसवणूक आहे. हे मानले, तर पडद्यावरच्या मार्कपेक्षा हा शब्द लावून पाहण्याचा पहिला मान नंदुरबारच्या चौकातील मुलांचा आहे.

शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. १९४२ च्या सप्टेंबरात त्याला सोळावे वर्ष चालू होते. आदिपर्वात सोम आपल्या पुत्राला, वर्चसाला, अभिमन्यूच्या रूपाने सोळा वर्षांपुरताच पृथ्वीवर देतो. हा योगायोग स्मरणभाषणांना मोह पाडणारा आहे, आणि समीक्षेने तो टाळावा तेवढे बरे. ९ ऑगस्टला राष्ट्रीय नेते पकडले गेले. बरोबर एक महिन्याने पश्चिम खानदेशातील नंदुरबारला मुलांची मिरवणूक निघाली, पोलिसांनी ती अडवली, गोळीबार झाला. स्मरणकथा सांगते की बंदूक मुलींच्या दिशेने रोखलेली पाहून शिरीषकुमार पुढे झाला. तो पडला. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही पडले.

हा क्रम नीट पाहावा. पाच जण मेले. स्मृतीत एक नाव राहिले. उरलेली चार नावे नंदुरबारच्या स्मारकाशी उभे राहून वाचावी लागतात. तालुक्याबाहेर ती क्वचितच उच्चारली जातात. असे का झाले याचे उत्तर इतिहासापेक्षा रूपबंधाच्या अभ्यासकाला अधिक नीट देता येईल. वीरकथेला एकच चेहरा लागतो. मालिकेला तर तो लागतोच, पण पाठ्यपुस्तकातल्या धड्याला, शाळेतल्या नाट्यछटेला, चौकातल्या फलकालाही लागतो. पाच मुलांची मिरवणूक ही सामूहिक कृती होती. तिची कथा होताना चौघे पार्श्वभूमीला गेले आणि एक झेंडा घेऊन पुढे आला. हे करण्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. अतिमानवाचे व्याकरण हेतूवाचून काम करते. ते व्याकरण घरची भाषाही गिळते : गुजराती बोलणाऱ्या व्यापारी घरातला हा मुलगा, त्याच्या ओठी असलेली घोषणागीतेही गुजराती, आणि त्याचे स्मरण करणारी भाषा आज बहुतांशी मराठी. सीमेवरच्या गावाच्या इतिहासातील ही गुंतागुंत ‘बालवीर’ या एका शब्दात सपाट होते. २०१२ पासून याच नावाची एक परीकथेची मालिका उपग्रह वाहिनीवर गाजली. कोरीटच्या मुलाने दोन्ही ‘बालवीर’ एकाच अर्थाने समजून घेतले तर दोष त्याचा नाही.

या मृत्यूला ‘अपयश’ म्हणायला कोणी धजावत नाही, हे खरे. त्याला हौतात्म्य म्हणतात. परंतु अभिमन्यूची उपमा मात्र सर्रास दिली जाते, आणि उपमा दिली की उपमेसोबत तिचा अर्थ येतो : कोवळा, अनभिज्ञ, धाडसी, अटळ. अटळ काय होते? गोळीबाराचा हुकूम अटळ नव्हता. तो कोणीतरी दिला. मुले मिरवणुकीच्या पुढे होती ही स्थितीही आकाशातून पडलेली नव्हती; साम्राज्याने मोठ्यांना तुरुंगात घातले होते. येथे मागोमाग येणाऱ्यांनी वचन मोडले नाही, त्यांना जयद्रथाने नव्हे तर कायद्याने अडवले होते. म्हणजे उपमा द्यायचीच असेल तर ती अर्ध्या ज्ञानाच्या अंगाने नव्हे, अडवलेल्या वाटेच्या अंगाने द्यावी लागेल. ती तशी दिली जात नाही. कारण मग पुढचा प्रश्न येतो, आणि तो गैरसोयीचा असतो : १९४७ नंतर वाट मोकळी झाल्यावर मागचे आत आले काय?

या प्रश्नाचे उत्तर नंदुरबारच्या संदर्भात चौथ्या वीराशिवाय देता येत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल समाज एकलव्याला आपला मानतो. आदिपर्वातला हा निषादपुत्र कोणत्याच अर्थाने अपयशी नाही. त्याला पुरते येते. त्याचे ज्ञान अर्धे नाही, गुरूच्या प्रत्यक्ष शिकवणीवाचून पुरे झालेले आहे, आणि नेमकी हीच अडचण ठरते. द्रोण त्याचा अंगठा मागतो. पुढे हाच द्रोण चक्रव्यूह रचतो आणि अभिमन्यूचे धनुष्य तोडण्याचा मार्ग कर्णाला सांगतो. दोन मुले, एक आचार्य : एकाकडून अंगठा, दुसऱ्याकडून धनुष्य. संहितेने इतक्या जवळ आणून ठेवलेली ही जोडी शोकात्मिकेचे सिद्धांत मांडणाऱ्यांना दिसू नये, हा केवळ दृष्टिदोष मानता येत नाही. एकलव्य त्यांच्या व्याख्येत बसत नाही, कारण त्यांच्या व्याख्येला नायकाच्या अंगी उणीव लागते. एकलव्याची उणीव बाहेरून, मागणी करून, निर्माण केली गेली आहे. आणि त्याची कथा तेथे संपतही नाही. द्रोणपर्वात घटोत्कचाच्या मृत्यूनंतर कृष्ण अर्जुनाला सांगतो की जरासंध, शिशुपाल आणि निषाद एकलव्य यांना तुझ्या हितासाठीच वाटेतून दूर केले गेले.

तो घटोत्कच. अतिमानवच शोधायचा तर महाभारतात त्याच्याइतका नेमका दुसरा नाही : आकाशातून लढणारा, रूपे बदलणारा, रात्री बळ वाढणारा. तोही पांडवांचाच मुलगा, तोही प्रौढांनी पुढे केलेला, तोही एका रात्रीत खर्च झालेला, जेणेकरून कर्णाची शक्ती अर्जुनासाठी शिल्लक राहू नये. भीम आणि युधिष्ठिर रडतात. कृष्ण आनंदित होतो आणि त्या आनंदाचे कारण समजावून देतो. एकाच पर्वात दोन पुत्र पडतात. सुभद्रेच्या पुत्राच्या मृत्यूला शोकात्मिका म्हणतात. हिडिंबेच्या पुत्राच्या मृत्यूला डावपेच म्हणतात. भासाने ‘दूतघटोत्कच’ रचताना अभिमन्यूच्या मरणानंतर इशारा घेऊन कौरवांकडे जाण्याचे काम नेमके याच भावाला दिले, हे १९१२ मध्ये गणपतिशास्त्र्यांनी भासनाटकचक्र छापले तेव्हापासून उपलब्ध आहे. नाटककाराला जे नाते दिसले ते समीक्षकांना शंभर वर्षांत दिसू नये! ‘शोकात्म’ हे विशेषण देताना समीक्षा मृताच्या आईचे कुळ पाहते, असा निष्कर्ष काढला तर तो कठोर वाटेल. पण तो खोडून काढण्यासाठी घटोत्कचावरील एखादा शोकात्मिकाविषयक मराठी प्रबंध पुढे ठेवावा लागेल.

याच भूभागातून वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ मध्ये आला. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेत प्रश्न व्यासपीठाचा आहे : आदिवासींचे दुःख कोण सांगतो, कोठे उभा राहून सांगतो, आणि ज्यांचे दुःख ते कोठे बसलेले असतात. शोकात्मिकेच्या सिद्धांताला हा प्रश्न विचारला, की दुःख भोगणारा आणि दुःखाला नाव देणारा हे दोघे वेगळे आहेत, हे प्रथमच ठळक होते. ॲरिस्टॉटलचा प्रेक्षक शुद्ध होऊन घरी जातो. ‘स्टेज’च्या श्रोत्याला घरी जाण्यापूर्वी आपण कोणत्या बाकावर बसलो होतो, हे पाहावे लागते. मराठी समीक्षेने ही कविता संकलनांत छापण्यापेक्षा आपल्या शोकात्मिकेच्या व्याख्येशी एकदा लावून पाहिली असती, तर दूरचित्रवाणीच्या हंगामाखेरीला ती इतक्या घाईने नमस्कार करायला गेली नसती.

दूरचित्रवाणीवर शोकात्मिका संभवतच नाही, असा कोणताही कायमचा निवाडा येथे द्यायचा नाही. ज्या मालिकेला खरोखर संपता येईल, जिच्या अखेरच्या भागात मुलाच्या मरणाचा हिशोब जिवंत प्रौढांना द्यावा लागेल, ती मालिका त्या शब्दाच्या जवळ जाऊ शकेल. ‘इनव्हिन्सिबल’चा आगगाडीचा प्रसंग त्या दिशेने बराच पुढे गेला होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसरा हंगाम सुरू झाल्यावर तो एका दीर्घ शिक्षणक्रमाचा पहिला धडा झाला. चोप्रांच्या मालिकेत युधिष्ठिराचा विलाप, पुढे केलेल्या बालकाविषयीचे त्याचे शब्द, कॅमेऱ्याने जितके थांबून ऐकायला हवे होते तितके ऐकले असते, तर १९९० मधला तो रविवार वेगळा ठरला असता. आणि नंदुरबारच्या मिरवणुकीवर कोणी मालिका काढायला बसलाच, तर त्याने पहिल्या भागाच्या आधी लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास या चौघांसाठी नट शोधावेत.